तिरका सुळा

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. त्याचं मात्र चाळीस वर्षं दातांवरच भरलं. जिन्याखालची आठ बाय सहाची खोली, त्यात स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, पायाने फिरवायचं पॉलिशचं चाक आणि भिंतीला लागून एक लांब फळी. फळीवर प्लास्टरचे जबडे मांडलेले. एवढ्या सामानावर त्याने शहराच्या त्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना चावायला दात दिले. गल्लीत त्याला कवळीकाका म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. माणूस तसा अबोल. दुसऱ्यांची तोंडं नीट बसवण्यात आयुष्य गेलं, स्वतःचं उघडायला सवड मिळाली नाही, असं त्याची बायको म्हणायची.

दात अगदी सरळ ओळीत बसवले की ते खोटे दिसतात, हे त्याला तरुणपणीच कळलं होतं. म्हणून प्रत्येक कवळीत तो वरचा डावा सुळा केसभर फिरवून बसवायचा. केसभरच. पाहणाऱ्याच्या लक्षात यायचं नाही, पण नजर तिथे जरा अडखळायची आणि तेवढ्यानेच ते तोंड जिवंत वाटायचं. लोक म्हणत, कवळीकाकांचे दात ओळखू येत नाहीत. का येत नाहीत, हे चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही. डॉक्टर ठसे पाठवायचे, गिऱ्हाइकं दोनच वाक्यं बोलायची: कधी मिळेल, आणि बोचतंय.

मग आत्याबाई आली.

सरकारने शहरावर बसवलेल्या त्या यंत्रणेचं खरं नाव लांबलचक होतं, सरकारी कागदावर दोन ओळी खायचं. घरोघरचं सगळं हिला कळतं आणि कुणाचंच काही पसंत पडत नाही, म्हणून लोकांनी तिला आत्याबाई केलं. समोरच्या खोलीतली शिंपीण एकदा जिन्यात म्हणाली होती की, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हिला तर तोंडच नाही, हिला म्हणायचं काय? आणि हसता हसता तिची नजर जिन्याच्या कोपऱ्यातल्या जाळीकडे गेली होती. त्या जाळीमागे आत्याबाईचा कान होता. खोल्यांमधे अजून कान बसवले नव्हते. या गल्लीचा नंबर पुढच्या वर्षी होता.

पहिल्या वर्षी सगळ्यांची दारं एका रंगाची झाली. दुसऱ्या वर्षी पडदे. तोवर लोक कुरकुरत का होईना हसत होते. मग माणसं उचलली जायला लागली. आधी ओरडणारे गेले, मग कुजबुजणारे. नंतर ज्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नसे तेही गेले, कारण चेहऱ्यावर काही नाही म्हणजे पोटात काहीतरी असणारच, असा आत्याबाईचा हिशेब होता. शेवटी प्रत्येक इमारतीच्या दाराशी माणसाच्या उंचीची एक काच आली. रोज सकाळी प्रत्येकाने तिच्यासमोर उभं राहायचं, हसायचं आणि ‘ठीक आहे’ म्हणायचं. काच हिरवी झाली की दार उघडायचं. पिवळी झाली तरी उघडायचं, पण नोंद व्हायची. सलग एकवीस दिवस पिवळी झाली की विश्रांतिगृह. तिथून परत आलेलं माणूस गल्लीने अजून पाहिलं नव्हतं. भेटायला मात्र देत.

त्याच सुमारास दातांचाही हुकूम निघाला. यापुढे दात आत्याबाईच्या केंद्रातूनच मिळतील, तीच ते करील, हाताने केलेली कवळी कुणी वापरायची नाही. जुन्या कवळ्या गोळा करून नेल्या आणि ज्याला त्याला नव्या दिल्या. त्याच्या बायकोलाही. सरळ, पांढरे, एकसारखे दात. ती आरशात पाहून म्हणाली होती, कुंपणाला चुना लावल्यासारखं दिसतंय. त्याच्याकडे आता फक्त तुटक्या कवळ्या सांधायचं काम उरलं. दिवसाकाठी एखादी. तरी तो रोज सकाळी खाली जाऊन दिवा पुसायचा.

बायकोला झटका आला तो भाजी चिरताना. सुरी पडल्याचा आवाज झाला, तो आत गेला, तर ती ओट्याला धरून उभी होती आणि काहीतरी सांगत होती, पण शब्द एका बाजूने गळत होते. हात महिन्याभरात सुधारला. पायही. तोंडाचा डावा कोपरा मात्र खाली ओघळला तो ओघळलाच. डॉक्टरने आजारपणाचा कागद दिला. केंद्राने तो परत पाठवला. पायाला, छातीला, पोटाला आजारपणाची सूट होती. चेहऱ्याला नव्हती.

पायाची सूट संपल्यावर पहिल्याच दिवशी काच पिवळी झाली, तेव्हा बायको वर येऊन खुर्चीवर बसली आणि हसली. अर्धंच.

“अहो, ती कुठे खोटं बोलतेय?” ती म्हणाली. “निम्मी मी ठीक आहे, निम्मी नाही. तोंड खरं तेच सांगतंय.”

त्याला हसू आलं नाही. तो दिवस मोजायला लागला. दुसरा, तिसरा, चौथा. ती रोज उतरायची, काचेसमोर जमेल तेवढं हसायची, रोज पिवळी. आठव्या दिवशी तिने बोटाने कोपरा वर धरून पाहिला. काचेने हात खाली घ्यायला सांगितलं. त्या दिवशी वर आल्यावर ती काही बोलली नाही, आणि तिच्या जिभेची चाळीस वर्षं सवय असलेल्या त्याला ते पिवळ्या काचेपेक्षा भयंकर वाटलं.

अकराव्या दिवशी त्याने तिच्या तोंडाचा ठसा घेतला.

खोलीचं दार लावून त्याने मेण तापवलं. नवी वरची कवळी करायची आणि तिच्या डाव्या बाजूला, हिरडीच्या बाहेरून, गालाला आतून टेका देणारा फुगवटा ठेवायचा. त्याने त्याला मनात नाव दिलं, उशी. उशी मोठी झाली की गाल सुजल्यासारखा दिसे, लहान झाली की कोपरा पुन्हा ओघळे. चार वेळा त्याने मेण चढवलं, खरवडलं, वर जाऊन तिच्या तोंडात बसवून पाहिलं. ती तोंड उघडून निमूट बसायची आणि मधेच त्याच्या बोटाला हलकेच चावायची. सुळा बसवायची वेळ आली तेव्हा हाताने आपोआप तो केसभर फिरवला. त्यात विचार नव्हता. जिना उतरताना पायाला पायरी कळते, तसं ते होतं.

सतराव्या दिवशी ती काचेसमोर उभी राहिली. तो तिच्या मागे, रांगेत. उशीने कोपरा उचलून धरला होता. ती हसली, ठीक आहे म्हणाली. काच थोडा वेळ विचारात पडल्यासारखी राहिली आणि हिरवी झाली.

पुढचे पाच महिने बरे गेले. उशी गालाला आतून घासायची, तिथे बारीक जखम झाली होती; ती जिभेने सारखी तिथे चाचपत बसायची. घरात शिरली की पहिल्यांदा कवळी काढून वाडग्यातल्या पाण्यात टाकायची आणि मग वाकड्या तोंडाने मनसोक्त बडबडायची. आत्याबाईवर, शिंपिणीवर, त्याच्यावर. त्याला ते वाकडं तोंड आवडायला लागलं होतं. तिच्या अंगात खरं बोलणारं तेवढंच उरलं आहे, असं त्याच्या मनात येई. तिला त्याने ते सांगितलं नाही.

शिंपिणीच्या नजरेतून काही सुटत नसे. बायांच्या मापांत आयुष्य गेलेलं. एक दिवस ती खाली खोलीत आली, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, काका, माझीही कवळी केंद्राचीच, मलाही अशी एक करून द्या. तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला होता, कुजबुजणाऱ्यांबरोबर. तेव्हापासून तिच्या तोंडाचे दोन्ही कोपरे खालीच असायचे, झटका न येता. इतके दिवस तिने हसू ओढूनताणून निभावलं, आता ते जमेना; सलग पिवळ्या नोंदी पंधरा दिवसांवर आल्या होत्या. त्याने तिलाही करून दिली, दोन्हीकडे उशी घालून. पहिल्यांदा हिरवी झाली त्या दिवशी ती जिन्यात त्याला म्हणाली की, आता मला रडतानासुद्धा हसावं लागणार, काका. तो जाळीकडे बोट दाखवून वर गेला.

आणि मग एका दुपारी केंद्राची निरीक्षक बाई आली. त्याने हातातली कवळी खाली ठेवली, तर ती प्लास्टरच्या जबड्यावर वाजली. पण बाई तिशीची, गोड बोलणारी, आणि तिचं काम वेगळंच होतं. केंद्राचे दात लोकांना चालेनात, ती म्हणाली. चावता येतं, पण आत्याबाईचाच घोटाळा होतोय; सगळ्यांचे दात एकसारखे झाल्यावर तिला सगळ्यांचंच हसू खोटं दिसायला लागलंय, खरंच ठीक असलेले लोकही पिवळे होतायत. तेव्हा हाताने दात करणारे जे तिघे-चौघे उरलेत त्यांच्याकडून तिला शिकायचंय. बारा दिवस, सकाळी ते दुपारी. नाही म्हणायची सोय आहे का, असं त्याने विचारलं. बाई हसली आणि गाडी किती वाजता येईल ते सांगितलं.

घरी नवरा-बायकोने ठरवलं. हातचं राखून शिकवायचं. उशीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, गालाचा विषयही काढायचा नाही. बायकोने त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. तुमच्या तोंडाला तसंही कुलूपच असतं, ती म्हणाली, आता किल्ली हरवा.

केंद्रात त्याला एका पांढऱ्या खोलीत बसवलं. त्याच्याच टेबलाच्या मापाचं टेबल, त्याच्याच सुरीसारखी सुरी. डोक्यावर तीन भिंगं. आवाज कुठून यायचा कळत नसे. ना बाईचा ना बुवाचा, पण आदबशीर. पहिल्याच दिवशी तो त्याला गुरुजी म्हणाला.

त्याने काम सुरू केलं. पहिले दोन दिवस तो हूं-हां एवढंच बोलत होता. पण आवाज विचारत राहिला. सुरी तापवल्यावर दोन श्वास थांबता, ते कशासाठी? मेण कापताना ओठ का मिटता? हा दात उचललात, परत ठेवलात, दुसरा घेतलात. पहिल्यात काय कमी होतं? प्रश्न असे की विचारणाऱ्याने आधी नीट पाहिलं आहे हे कळावं. तिसऱ्या दिवशी तो दोन वाक्यं बोलला. पाचव्या दिवशी दात निवडताना माणसाचं वय कसं पाहायचं, ते त्याने अर्धा तास समजावून सांगितलं, आणि घरी जाताना गाडीत त्याला जाणवलं की आपण शीळ घालतोय. वीस वर्षांत घातली नव्हती. उशीबद्दल मात्र तो सावध होता. गालाजवळ सुरी गेली की तोंड मिटायचा.

नवव्या दिवशी आवाज म्हणाला, “गुरुजी, हा वरचा डावा सुळा जरा फिरलाय. चूक झाली का?”

चूक हा शब्द त्याला लागला.

“चूक नाही,” तो म्हणाला. “मुद्दाम.”

आणि मग तो बोलला. सरळ ओळ का खोटी दिसते, नजरेला अडखळायला जागा का लागते, केसभर म्हणजे किती, उजवा का नाही आणि डावाच का. चाळीस वर्षांत केलेल्या एकूण एक कवळीत तो असाच आहे, हेही सांगितलं. बोलताना त्याचे हात हवेत दात बसवत होते.

“सुंदर,” आवाज म्हणाला. “हे मला कुणीच सांगितलं नसतं.”

तो घरी आला तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. बायको कवळी वाडग्यात टाकून गव्हातले खडे निवडत बसली होती. त्याने चप्पल काढता काढता सांगायला सुरुवात केली. इतकं भरभरून तो लग्नाच्या पहिल्या वर्षीही बोलला नसेल. उशीचं नावसुद्धा काढलं नाही, तो अभिमानाने म्हणाला, नुसतं सुळ्याचं सांगितलं, आणि ती, म्हणजे आत्याबाई, ती काय म्हणाली माहितीये का.

बायकोचा हात ताटात थांबला होता.

“अहो,” ती म्हणाली, “माझ्या तोंडातला सुळा कसा बसवलाय?”

तो जागच्या जागी उभा राहिला. वाडग्यातली कवळी पाण्यातून त्याच्याकडे पाहत होती. केंद्राच्या नोंदीत तिच्या तोंडात केंद्राचे दात होते, सरळ. पाच महिने रोज सकाळी काचेने तो तिरका सुळा पाहिला होता आणि त्याला काही अर्थ दिला नव्हता. आता अर्थ मिळाला होता. तो आपल्याच हातांनी देऊन आला होता.

तिने बोलावं म्हणून तो वाट पाहत राहिला. ती उठली, वाडगा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, बघा काही होतंय का.

त्याने खाली जाऊन दिवा लावला. सुळा गरम सुरीने सोडवला, सरळ केला, गुलाबी लेप भरला, घासला. जेवणाच्या वेळेपर्यंत झालं. मग तो शिंपिणीकडे गेला आणि तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिच्या कवळीचं काम करायला स्पिरिट उरलं नव्हतं, पण तिने तसंही नको म्हटलं. मला कंटाळा आलाय, काका, ती म्हणाली, जाऊ दे.

सकाळी रांगेत शिंपीण पुढे होती. ती हसली, ठीक आहे म्हणाली. काचेने तिला बाजूच्या बाकावर बसायला सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. ती बसली आणि मांडीवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहू लागली. मग बायको पुढे झाली. हसली. काच ना पिवळी झाली, ना हिरवी. तो मागे उभा होता आणि त्याला काचेत दोघांचे चेहरे दिसत होते.

“गुरुजी,” काच म्हणाली. केंद्रातलाच आवाज. “कालपर्यंत हा सुळा फिरलेला होता. आज सरळ आहे. का?”

रागाचा लवलेश नव्हता. आवाजाला खरंच जाणून घ्यायचं होतं, शिष्याला असतं तसं. रांगेतले लोक जमिनीकडे पाहू लागले.

बायकोने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग तिने दोन बोटांनी कवळी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. ती ओली होती, कोमट. तिचा गाल आत गेला, डावा कोपरा खाली आला. दातांशिवाय तिचे शब्द नीट फुटत नव्हते, तरी त्याला कळले.

“पाणी रोज बदला,” ती म्हणाली.

निरीक्षक बाई गाडी घेऊन आली तेव्हा दोघींनाही निघायला फार वेळ लागला नाही. शिंपीण आधी चढली आणि तिने बायकोला हात दिला. दार लावता लावता बाई त्याच्यापाशी आली. शिक्षा वगैरे काही नाही, काका, ती म्हणाली, तिथे त्यांचा चेहरा नीट करून देतील, आत्याबाई स्वतः करील. तुमचे तीन दिवस राहिलेत. जितकं नीट शिकवाल तितकं त्यांच्या तोंडात नीट बसेल, नाही का?

तो गेला. त्याच गाडीने, त्याच वेळेला. आणि त्या तीन दिवसांत त्याने उशी शिकवली. काहीही राखलं नाही. मेण किती चढवायचं, कुठे थांबायचं, कोपरा उचलताना डोळ्याखालची घडी कशी पाहायची. त्याच्याकडून राहिलेला दोष शेवटच्या दिवशी त्याने आपण होऊन सांगितला: माझी उशी मागच्या बाजूने घासते. तिथे जखम होते. ते तेवढं होऊ देऊ नका. आवाज म्हणाला, लक्षात ठेवतो, गुरुजी.

भेट तीन महिन्यांनी मिळाली. मधल्या काळात शहरातल्या लोकांच्या तोंडांत नवे दात आले होते. वाण्याच्या, टपालवाल्याच्या, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या. सगळ्यांचा वरचा डावा सुळा केसभर फिरलेला, सगळ्यांचा सारखाच केसभर. तो माणसांकडे पाहणं टाळायला लागला होता. घरी वाडग्यातलं पाणी रोज बदलत होता.

विश्रांतिगृहात भेटीच्या साध्या काचेपलीकडे एक खुर्ची होती. बायको आली, बसली. केस नीट विंचरलेले. तोंडाचे दोन्ही कोपरे एका पातळीत, गाल भरलेले, ओठ जिवंत. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती हसली. त्याने तिच्या चेहऱ्याची डावी बाजू शोधली, तिची ती ओघळलेली, वाकडं बोलणारी, खरी निम्मी बाजू. ती कुठे नव्हती. त्याने विचारलं, बरी आहेस का गं? ती म्हणाली, ठीक आहे. त्याने विचारलं, शिंपीण दिसते का? ती म्हणाली, ठीक आहे. तो तिची जीभ कधी गालाकडे जाते ते पाहत राहिला, जुनी जखम चाचपायला. जीभ गेली नाही. चाचपायला काही नव्हतंच. कुठेही घासत नव्हतं, कुठेही बोचत नव्हतं. चाळीस वर्षांत असं तोंड त्याच्या हातून झालं नव्हतं.

भेटीची वेळ संपली. ती उठून गेली. तो बाहेरच्या दाराशी आला आणि काचेसमोर उभा राहिला.

“गुरुजी,” आवाज म्हणाला, “काम कसं झालंय?”

त्याला खोटं बोलायचं होतं. एखादी खोड काढायची होती, एवढीशी. त्याने तिचं तोंड पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणलं आणि दातागणिक तपासलं.

“चांगलं झालंय,” तो म्हणाला.

कितीतरी महिन्यांत त्याला पहिल्यांदाच काचेसमोर हसावं लागलं नव्हतं. काच लगेच हिरवी झाली आणि दार उघडलं.